आईला खिडकीपाशी बसवा : फोनच्या कॅमेऱ्याची सोपी ओळख

आजी गेली तेव्हा तेराव्याच्या आधी हार घालायला फोटो हवा होता. घरात आठ-दहा फोन, प्रत्येकात हजारो फोटो, आणि आजीचा एकटीचा, समोरून, चेहरा स्वच्छ दिसेल असा फोटो एकाही फोनमध्ये निघाला नाही. शेवटी मामेबहिणीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला. चौदा माणसं, त्यांत आजी डावीकडून तिसरी. स्टुडिओवाल्या काकांनी तेवढाच चेहरा कापून मोठा करून दिला. डोळ्यांच्या जागी दोन गडद डाग, नाकाची कड पुसट, आणि उजव्या गालावरचा तीळ तर दिसेनासाच झालेला. आजही भिंतीवर तोच फोटो आहे.

तेव्हापासून मी फोनवर फोटो काढणं मनावर घेतलं. त्यातून जे कळलं ते इथे सांगतोय. भारी फोन लागत नाही. पंधरा हजारांच्या आतल्या फोनवरही घरातल्या माणसाचा भिंतीवर लावण्याजोगा फोटो येतो. उजेड कुठून येतोय हे बघायची सवय हवी आणि फोन काय समजून फोटो काढतो याची थोडी कल्पना हवी. पण त्याआधी एक काम: कॅमेऱ्याची काच पुसा. दिवसभर हात लागून तिच्यावर तेलकट थर बसतो, त्यामुळे सगळा फोटो धुरकट दिसतो आणि दिव्यांभोवती रेघा फुटतात. मऊ सुती कपड्याने दोन वेळा पुसलं की पुरे. निम्म्या लोकांचा 'कॅमेरा खराब झालाय' इथेच बरा होतो.

कवडसा पाहिलाय ना?

कौलारू घरात कौलांच्या फटीतून ऊन आत येतं आणि जमिनीवर कवडसा पडतो. बारीक फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलच असतो, फार तर तिरपा पडून लंबगोल होतो. कारण ते त्या फटीचं चित्र नसतंच, ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास सूर्यग्रहण चालू असताना झाडाखाली जाऊन बघा, पानांमधून पडलेले सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले असतात.

कॅमेरा म्हणजे हेच. अंधारी खोली, तिला एक बारीक भोक आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या जगाचं उलटं चित्र. 'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी खोली असा आहे. पुढे भोकाच्या जागी भिंग आलं, भिंतीच्या जागी आधी फिल्म आणि मग उजेड मोजणारी चिप आली. तिलाच सेन्सर म्हणतात.

फोनमधली ही खोली फार लहान असते. लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात मोठा कॅमेरा असतो, त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटर, आणि स्वस्त फोनमध्ये तो ६.४ बाय ४.८ मिलिमीटरच्या आसपासही असतो. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या मानाने क्षेत्रफळ अठ्ठावीस पटींनी कमी. पावसाच्या एकाच सरीत अंगणात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? उजेडाचंही तसंच आहे. फोनच्या वाटीत मुळातच कमी उजेड जमतो.

भर उजेडात ते जाणवत नाही, कारण वाटीसुद्धा भरून वाहते. संध्याकाळी घरात मात्र फोनची ओढाताण सुरू होते. बहुतेक फोनांत भिंगाचं तोंड लहान-मोठं करता येत नाही, त्यामुळे त्याच्या हाती थोडेच उपाय उरतात. तो उजेड जास्त वेळ गोळा करतो, आणि तेवढ्यात हात हलला किंवा समोरचं मूल वळलं तर फोटो हलतो. किंवा मिळालेला अपुरा संकेत जोर लावून वाढवतो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढायची, तसे फोटोत रंगीत कण दिसायला लागतात. मग ते कण झाकायला फोन सगळं गुळगुळीत करून टाकतो आणि माणूस मेणाचा दिसतो. तिसरा उपाय म्हणजे भराभर अनेक फोटो काढून त्यांचा एक करायचा. नाइट मोड तो हाच.

इथेच मेगापिक्सेलचंही सांगून टाकतो, कारण दुकानात पहिला प्रश्न तोच असतो. ५० मेगापिक्सेल म्हणजे त्या वाटीत पाडलेले पाच कोटी कप्पे. कप्पे वाढवले म्हणून वाटी मोठी होत नाही. म्हणून असे फोन एरवी शेजारशेजारचे चार कप्पे मिळून एक धरतात आणि तुम्हाला साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. १०८ वाला नऊ कप्प्यांचा एक करून १२ चा देतो. आणि १२ पुष्कळ झाले. तो फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १३ बाय १० इंचांचा कागद भरतो. भिंतीवरच्या फ्रेमला आणखी काय हवं?

उजेडाची दिशा

माझी आई सकाळी तांदूळ निवडायला खिडकीपाशी बसते. खिडकी पूर्वेची, तिला पातळ पांढरा पडदा. तिचा फोटो तीन तऱ्हांनी काढून बघितला, तेव्हा हा विषय मला खऱ्या अर्थाने कळला.

आधी मी आतल्या बाजूला उभा होतो आणि ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. खिडकी पांढरीफटक, आई काळी. चूक फोनची नव्हती. उजेड तिच्या पाठीवर पडत होता आणि मला हवा होता चेहरा.

मग मी खिडकीला पाठ लावून उभा राहिलो आणि तिला माझ्याकडे तोंड करून बसायला सांगितलं. चेहरा लख्ख आला. डोळ्यांच्या बुबुळांत खिडकीचा एकेक छोटा पांढरा चौकोन चमकत होता, आणि त्या चौकोनामुळे डोळे जिवंत वाटत होते. हा सगळ्यात भरवशाचा फोटो. नोकरीच्या अर्जापासून लग्नाच्या स्थळापर्यंत कुठेही चालेल.

तिसऱ्यांदा खिडकी तिच्या डाव्या हाताला आली. आता अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत जाणारा. गालाची गोलाई, कपाळावरच्या आठ्या, सुपावरच्या हातांच्या शिरा, सगळ्याला खोली आली. सुपातले तांदळाचे दाणे सुटे सुटे दिसायला लागले. सावलीची बाजू जरा जास्तच काळी वाटली म्हणून बहिणीला तिथे पांढरी चादर धरून उभं केलं. चादरीवर आपटून उजेड परत आला आणि तो गालही उमलला. मोठ्या स्टुडिओत याच कामाला पांढरे रिफ्लेक्टर वापरतात.

खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवावं. त्यापलीकडे उजेड भराभर उतरतो. आणि खोलीतली ट्यूब किंवा बल्ब बंद करावा. हे लोकांना पटत नाही, उजेड कमी करायचा कशाला म्हणतात. पण बल्ब पिवळा असतो आणि आभाळाचा उजेड निळसर. फोन एका वेळी एकाच रंगाचा हिशेब नीट लावू शकतो. दोन्ही असले की एक गाल हळदीचा आणि दुसरा निळा. शिवाय छतावरचा दिवा डोळ्यांच्या खोबणीत सावली पाडतो आणि माणूस आजारी दिसतो.

दुपारचं ऊन तेच करतं, आणि आपल्याकडे ते जास्तच करतं. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे दुपारी ऊन जवळपास सरळ खालीच कोसळत असतं. अशा उन्हात अंगणात उभं करून फोटो काढला की डोळे मिटलेले आणि डोळ्यांखाली काळं. त्यापेक्षा माणसाला ओसरीत घ्या, पडवीत घ्या, तोंड बाहेरच्या मोकळ्या जागेकडे ठेवा. झाडाची सावलीही चालते, पण ती घट्ट हवी. चेहऱ्यावर कवडसे नाचत असतील तर दोन पावलं सरका.

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर ऊन तिरपं आणि सोनेरी असतं. गडावर मुक्काम केला असेल तर पहाटे उठण्याचं हेही एक कारण. पावसाळ्यात मात्र घड्याळ बघायची गरज नाही. ढग आले की सगळं आभाळच एक मोठा मऊ दिवा होतं, कुठेही टोकदार सावली नाही. कासच्या पठारावरची फुलं किंवा घाटातली हिरवाई तेव्हा फार सुंदर येते. फक्त फोटोत आभाळ कमीत कमी घ्या, ते नुसतं पांढरं येतं.

फोन अंदाज बांधतो, तो तुम्ही दुरुस्त करायचा

समोर काय आहे हे फोनला नेमकं ठाऊक नसतं. कॅमेऱ्याचा उजेडमापक मुळात एक ठोकताळा धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. बहुतेक वेळा हा अंदाज जमतो. फसतो तो टोकाच्या दृश्यांत.

वारीत पांढरी धोतरं आणि टोप्या घातलेल्या वारकऱ्यांनी सगळी चौकट भरली, की फोनला वाटतं, उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो आणि पांढरं शुभ्र धोतर मळकट करडं येतं. उलट वेरूळला काळ्या पाषाणातलं शिल्प जवळून घेतलं, किंवा गोठ्यात म्हैस, की त्याला वाटतं अंधार आहे. तो फोटो उजळतो आणि काळ्याचं राखाडी होतं. हल्लीचे फोन चेहरे आणि ओळखीची दृश्यं हेरून बरीच सुधारणा करतात, तरी हा मूळ स्वभाव अधूनमधून दिसतोच.

दुरुस्ती सोपी आहे. ज्याचा फोटो हवा त्यावर पडद्यावर बोट टेकवा. चौकोन किंवा गोल येतो, शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह दिसतं. ते वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली सरकवलं की गडद होतो. पांढऱ्यासाठी वर, काळ्यासाठी खाली. ऐकायला उलट वाटतं, पण फोनने पांढऱ्याला करडं केलेलं असतं, त्याला परत पांढरं करायचंय, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. बोट थोडा वेळ दाबून धरलं तर बहुतेक फोनांत हे सगळं लॉक होतं आणि मग फोन मध्येच स्वतःचा विचार बदलत नाही.

गणपतीत याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मखरात मागे एलईडीच्या माळा, पुढे समया, मध्ये मूर्ती. नुसतं बटण दाबलं तर माळांचे पांढरे फुगे होतात, नाही तर मूर्ती अंधारात जाते. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि चिन्ह थोडं खाली ओढा, समईच्या ज्योतीचा आकार दिसेपर्यंत. मूर्ती किंचित गडद वाटली तरी चालेल. सावलीत दडलेला तपशील नंतर एडिट करताना बराचसा वर आणता येतो. पांढऱ्यात जळून गेलेला तपशील मात्र गेला तो गेला. फ्लॅश तर बंदच ठेवा. तो पाच-सहा फुटांपलीकडे फारसा पोचत नाही, रंगाच्या तुळतुळीत पृष्ठभागावर पांढरा डाग पाडतो आणि समईच्या उजेडाची सगळी ऊब घालवतो.

नाइट मोड लागला की पडद्यावर फिरणारा गोल पूर्ण होईपर्यंत फोन स्थिर हवा. दोन्ही कोपरं अंगाला चिकटवा, खांबाला टेका, किंवा फोन पाण्याने भरलेल्या तांब्याला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही टळतो. पळणाऱ्या मुलांना नाइट मोडचा उपयोग नाही, त्यांची भुतं होतात. मुलं उजेडात आणायची आणि एकामागोमाग पाच-सहा फोटो घ्यायचे.

एलईडीच्या झगमगाटात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात तेही सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्याला कळत नाही. फोन मात्र चित्र ओळीओळीने वाचतो, त्याला कळतं. प्रो मोड, म्हणजे सगळं हाताने ठरवायची सोय, असेल तर शटर, म्हणजे उजेड गोळा करायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे बहुधा जातात.

जवळ जायचं, पण किती?

आजीच्या त्या फोटोचं झालं तेच झूम केल्यावर होतं. पडद्यावर दोन बोटं ताणून आपण दहापट जवळ जातो तेव्हा फोन बहुतेक वेळा मधला तुकडा कापून फुगवत असतो. काही फोनांत दूरचं पाहायला खरंच वेगळं भिंग असतं, पण तिथेही एक गंमत आहे. ३एक्स दाबा आणि त्या भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही, म्हणजे फोन अजून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून दाखवतोय. कमी उजेडात असं अनेकदा होतं, कारण दुसऱ्या भिंगामागची वाटी बऱ्याचदा आणखी लहान असते. चालत जवळ जाता येत असेल तर चालत जा.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र फार जवळ जाऊ नका. नाकाचं टोक आणि कान यांत पाचेक इंचांचं अंतर असतं. फोन नाकापासून एक फुटावर धरला तर नाक १२ इंचांवर आणि कान १७ वर. नाकाच्या मानाने कान ४० टक्के लांब. म्हणून नाक मोठं येतं आणि कान मागे लपतात. सहा फुटांवर गेलात तर ७२ आणि ७७, फरक ७ टक्के, चेहरा जसा आहे तसा दिसतो. म्हणून चार-पाच फुटांवर उभं राहून २एक्स लावा. एवढं कापलेलं चित्र ५० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चांगलं येतं.

ग्रुप फोटोला ०.५ वालं भिंग मोहात पाडतं. त्यात कडेची माणसं ताणली जातात, टोकाला उभी मावशी उगाच रुंद दिसते आणि तिला वाईट वाटतं. दोन पावलं मागे जा, १एक्सच ठेवा.

चौकटीत काय येतंय ते बटण दाबण्यापूर्वी कडेकडेने एकदा बघून घ्या. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, मागची कपड्यांची दोरी, भिंतीवरचं कॅलेंडर. एक पाऊल सरकलं की हे जातं. लहान मुलाचा फोटो काढताना खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. सेटिंगमधल्या ग्रिडच्या रेघा चालू ठेवल्या की क्षितिज तिरकं येत नाही. बाकी मांडणीच्या नियमांची सुरुवातीला काळजी करू नका.

ब्यूटी फिल्टर मात्र आवर्जून बंद करा. अनेक फोनांत तो न सांगता चालू असतो, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात. तो सुरकुत्या पुसतो, तीळ पुसतो. पोर्ट्रेट मोडही जपून वापरा. मागचं धूसर करताना तो कुठे माणूस संपला याचा अंदाज बांधतो आणि त्यात चष्म्याची काडी, गजऱ्याची कड, उडते केस कापले जातात. महत्त्वाचा फोटो एकदा पोर्ट्रेटमध्ये आणि एकदा साधा, असा दोनदा घ्यावा.

मूळ फोटो जपा

आजीच्या फोटोचं कोडं मला फार उशिरा सुटलं. तो ग्रुप फोटो मुळात बरा असणार. पण आमच्याकडे तो चॅटवरून फिरत फिरत आला होता. चॅटची ॲप फोटो पाठवताना तो आकसवतात. ४००० ठिपक्यांची लांब बाजू अनेकदा १६०० च्या आसपास येते. चौदा माणसांत १६०० ठिपके वाटले की एका चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ७०-८० येतात. त्यातून फ्रेमएवढा चेहरा काढायचा म्हणजे काकांनी तरी काय करावं?

म्हणून जपायचा फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा मोठ्या दर्जाचा पर्याय असेल तर तो निवडा. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या, लग्नानंतर आठवड्याच्या आत, फोन बदलायच्या आधी. फोनखेरीज आणखी एका ठिकाणी तिची प्रत ठेवा. आणि छापून घ्या.

आईचा खिडकीतला तिसरा फोटो मी ८ बाय १० मध्ये छापून घेतला. सुपातला एक खडा तिने बोटांत धरलाय, तोही त्यात दिसतो. मग बाबांचा काढला, दोन्ही आत्यांचा काढला. सगळ्यांचे मूळ फोटो एका फोल्डरमध्ये आहेत. मोठ्या काकांचा तेवढा राहिलाय, ते फोटोला बसत नाहीत. रविवारी सकाळी ते पडवीत चहा घेत पेपर वाचतात, पडवी पूर्वेची आहे. आठच्या आत पोचायला हवं.